उन्हाळ्यात घरच्या घरी व्हिस्की कॉकटेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिस्की हे थंडीपावसातले पेय आहे आणि उन्हाळा हा बिअरचा, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कपाटातली बाटली तशीच राहते, किंवा मग कोमट सोडा आणि अर्धवट वितळलेला बर्फ यांच्या संगतीत तिचे मातेरे होते. घरात कागदी लिंबे, पुदिना, कोकम आणि कैरी असताना याहून पुष्कळ चांगले काही करता येते. त्याबाबत नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती अर्थातच कायद्याने मद्यपानास पात्र असलेल्या प्रौढांसाठी आहे.

मुळात उन्हाळ्यात व्हिस्की उष्ण पडत नाही का?

व्हिस्की प्यायल्यावर अंगात ऊब येते ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. व्हिस्कीच नव्हे, कोणतेही मद्य हेच करते, म्हणून थंड बिअर शीतल आणि व्हिस्की उष्ण या विभागणीला फारसा आधार नाही. खरा प्रश्न पाण्याचा आहे. शरीरातील पाणी धरून ठेवण्याची सूचना मूत्रपिंडांना देणारे संप्रेरक मद्यामुळे दबते, लघवीला जास्त होते, आणि दिवसभर घाम गाळलेल्या शरीरातून आणखी पाणी निघून जाते. त्यामुळे कोणतेही कॉकटेल उन्हाचा त्रास कमी करत नाही. ते काम पन्ह्याचे आणि ताकाचे आहे. येथे ‘थंडगार’ हा शब्द केवळ जिभेपुरता वापरला आहे असे समजावे. ऊन पूर्ण उतरल्यावर, पोटात काहीतरी असताना, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधे पाणी, एवढे पथ्य पाळले तर पुढील सर्व कृतींचा आनंद घेता येईल. भर दुपारी गच्चीवर बसून मात्र यांपैकी काहीही पिऊ नये.

व्हिस्कीत सोडा आणि बर्फ घातला की झाले. कॉकटेलचा वेगळा खटाटोप कशाला?

व्हिस्की, सोडा आणि बर्फ हेदेखील कॉकटेलच आहे, आणि नीट केले तर या यादीतले सर्वांत चांगले. अडचण ‘नीट’ या शब्दात आहे. बहुतेक घरांत व्हिस्की मोजून घेतली जाते, परंतु बर्फ, सोडा, लिंबू आणि साखर ही जणू मोजण्याच्या लायकीची नसल्याप्रमाणे अंदाजाने पडतात. प्रत्यक्षात उन्हाळी पेयाची चव व्हिस्कीपेक्षा या चार गोष्टींवर अधिक अवलंबून असते. मद्याचा तिखटपणा, आंबट, गोड आणि पाणी या चौघांचे प्रमाण जमले की पेय जमले. ज्या घरात पन्ह्याला गूळ किती लागेल हे कैरी चाखून ठरवले जाते, त्या घराला हा हिशेब नव्याने शिकवावा लागत नाही.

कोणती व्हिस्की वापरावी? महागडी सिंगल माल्ट (एकाच भट्टीत निव्वळ माल्ट बार्लीपासून केलेली व्हिस्की) कॉकटेलमध्ये घालणे हा अपराध आहे का?

अपराध नाही, पण अनेकदा उधळपट्टी असते. लिंबू, साखर आणि कोकम यांच्या गर्दीत बारा वर्षांच्या माल्टचे बारकावे ऐकू येत नाहीत. आंबट-गोड पेयांसाठी मध्यम किमतीची मिश्र (ब्लेंडेड) स्कॉच म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, बर्बन ही अमेरिकी व्हिस्की किंवा चांगली भारतीय व्हिस्की पुरेशी आहे. हायबॉलमध्ये, म्हणजे उंच ग्लासातल्या व्हिस्की-सोड्यात, मात्र लपायला जागा नसते, त्यामुळे तेथे उजवी व्हिस्की घेतल्याचा फरक लगेच कळतो.

प्रकारांतला फरक थोडक्यात असा. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, म्हणून तिला व्हॅनिला आणि जळक्या साखरेची गोडसर झाक असते. लिंबू आणि पुदिना यांच्याशी तिचे चांगले जमते. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवावी लागते. तिच्यापैकी पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर सुकवलेल्या बार्लीची व्हिस्की धुरकट असते आणि ती जपूनच वापरावी. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत उसाच्या मळीपासून बनवलेले मद्यार्क आणि त्यात थोडी माल्ट व्हिस्की असते. अशी व्हिस्की नुसती प्यायला कठीण असली तरी कोकमाबरोबर तिचे उणेपण झाकले जाते. शुद्ध बार्लीच्या भारतीय माल्टची गोष्ट वेगळी आहे. बंगळूरुच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोमध्ये विक्रीला आणली, आणि गोव्यातील पॉल जॉनने पुढच्या दशकात स्वतःची जागा मिळवली. आपल्या उकाड्यात पिंपातील मद्य स्कॉटलंडच्या कित्येक पटींनी वेगाने उडते आणि तितक्याच लवकर मुरतेही, त्यामुळे या बाटल्यांवरील वयाचा आकडा लहान दिसला तरी तो कमीपणा मानू नये.

बारमधील सामान घरी नसेल तर काय करावे?

घट्ट झाकणाची काचेची बरणी शेकरचे काम करते, चहाची गाळणी गाळण्याचे आणि खलबत्त्यातला बत्ता ठेचण्याचे. लांब दांड्याचा चमचा सरबतासाठी बहुधा असतोच. एक वस्तू मात्र विकत घ्यावी, ती म्हणजे ३० आणि ६० मिलिलिटरचे पेगमाप. तेही नसेल तर औषधाच्या बाटलीसोबत येणारे खुणांचे झाकण स्वच्छ धुऊन वापरावे. डोळ्यांनी घेतलेला ‘छोटा पेग’ हा बाटली जसजशी रिकामी होते तसतसा मोठा होत जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

सोडा किंवा कोणतेही फसफसणारे पेय बरणीत घालून कधीही हलवू नये. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर कोकमाचा एक फिकट जांभळा डाग आहे. तो कसा पडला हे सांगण्याची गरज नसावी.

घरचा बर्फ लगेच वितळतो आणि पेय पाणचट होते. यावर उपाय काय?

हा या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

बर्फ पेयाला गार करतो तो प्रामुख्याने स्वतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो, तर एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. आता ४५ मि.लि. व्हिस्की आणि १५० मि.लि. सोडा ही दोन्ही मे महिन्याच्या खोलीच्या तापमानाची, म्हणजे ३२ अंशांची असतील, तर त्यांना शून्याजवळ आणण्यासाठी ढोबळमानाने ७५ ते ८० ग्रॅम बर्फ वितळावा लागेल, म्हणजे ग्लासात दोन छोट्या पेगांहून अधिक पाणी वाढेल. तीच व्हिस्की आणि तोच सोडा फ्रिजमधून ६ अंशांवर काढलेला असेल, तर १५ ग्रॅमच्या आसपास बर्फात काम भागते. पेय पाणचट होण्याचा दोष बर्फाचा नसून बाहेर ठेवलेल्या सोड्याचा असतो. म्हणून सोडा, व्हिस्की आणि शक्य असल्यास ग्लासदेखील आधीच गार करावा. व्हिस्कीची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तरी चालते. ४० टक्के मद्यार्क घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांना गोठत नाही.

दुसरे सूत्र असे की ग्लासात बर्फ कमी घातला तर पेय कमी पाणचट होईल हा समज उलटा आहे. दोनच खडे घातले तर ते भराभर वितळतात आणि पेय गारही होत नाही. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर सारे लवकर शून्याजवळ पोचते आणि मग वितळणे मंदावते. खडा जितका मोठा तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी, म्हणून तो टिकतो. लहान वाट्यांत पाणी गोठवून मोठे खडे सहज करता येतात.

काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल तर चपात्या गरम ठेवण्याचा जाड भिंतींचा कॅसरोल घ्यावा, त्यात पाऊण उंचीपर्यंत पाणी भरावे आणि झाकण न लावता तो फ्रीजरमध्ये ठेवावा. बाजूंनी उष्णतारोधन असल्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जाते आणि त्यातील हवा व क्षार तळाकडे ढकलले जातात. साधारण दिवसभराने, तळ गोठण्यापूर्वी लादी बाहेर काढावी. पूर्ण गोठू दिल्यास तळाशी पांढरा थर येतो आणि भांडे तडकण्याचीही भीती असते. अशी लादी सुरीच्या बोथट बाजूने टिचकी मारून फोडता येते. हे सारे चवीसाठी आवश्यक नाही, परंतु एकदा करून पाहिल्यावर सोडवत नाही.

शेवटची गोष्ट वासाची. ज्या फ्रीजरमध्ये आले-लसणाचे वाटण आणि सुरमई आहे, त्यातील उघड्या ट्रेमधला बर्फ हे सगळे वास धरतो. बर्फ झाकून ठेवावा आणि आठवड्याहून जुना वापरू नये.

या देशात बर्फाची हौस नवी नाही. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतल्या गोठलेल्या पाण्याचे तुकडे भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला पाठवले होते, आणि पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. साहेबाचा ‘छोटा पेग’ गार करण्यासाठी चार महिन्यांचा समुद्रप्रवास करावा लागत असे. आपल्याला फक्त आदल्या रात्री ट्रे भरायचा आहे.

उत्तम हायबॉल कसा करावा?

उंच ग्लास बर्फाने काठापर्यंत भरावा, चमच्याने काही वेळ ढवळावा आणि खाली साचलेले पाणी ओतून टाकावे. त्यावर ४५ मि.लि. व्हिस्की घालून पुन्हा ढवळावे. मग अतिशय गार सोडा, साधारण १३५ ते १५० मि.लि., ग्लासच्या कडेने हळूच सोडावा. बर्फाच्या खड्यांवर सोडा आपटला की त्यातला वायू तेथेच निघून जातो. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा, गरगर ढवळू नये. वर लिंबाच्या सालीची पातळ चकती पिळून टाकावी. रस नव्हे, केवळ सालीतले तेल.

कार्बन डायऑक्साइड गार पाण्यात अधिक विरघळून राहतो, त्यामुळे कोमट सोडा उघडताच निम्मा मरतो. मोठी बाटली अर्धी उरवून दुसऱ्या दिवशी वापरण्यापेक्षा लहान बाटल्या घ्याव्यात. स्वच्छ पाण्याची खात्री असलेला साधा गोटी सोडा मिळत असेल तर तो या कामाला अव्वल आहे, कारण त्याचा जोर डब्यातल्या सोड्यापेक्षा अनेकदा जास्त असतो.

परदेशी कृतींत पिवळे मोठे लिंबू असते. आपले कागदी लिंबू चालेल का?

चालेल, पण ते वेगळे फळ आहे हे लक्षात ठेवावे. कागदी लिंबाचा वास अधिक तीव्र आणि आंबटपणा अधिक धारदार असतो. परदेशी कृतीत ३० मि.लि. रस सांगितला असेल तर २० ते २५ पासून सुरुवात करावी. एका मध्यम लिंबातून १० ते १५ मि.लि. रस निघतो. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत चिरडू नये, कारण सालीतला कडवटपणा रसात उतरतो. सकाळी काढलेला रस रात्री वापरला तर चालतो, दुसऱ्या दिवशी मात्र त्याला शिळा वास येतो. बाटलीबंद लिंबूरसाबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

साखर थेट ग्लासात घातली तर काय बिघडते?

गार पेयात ती विरघळत नाही आणि तळाशी बसते. वजनाने समान साखर आणि पाणी घेऊन साखर विरघळेपर्यंत गरम करावे आणि लगेच उतरवावे. एकतारी पाकापर्यंत जायचे नाही, हा कच्चा पाकच हवा. स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये तो दोन आठवडे राहतो. साखरेऐवजी गूळ घेतल्यास भारतीय व्हिस्कीशी आणि बर्बनशी फार सुंदर मेळ बसतो. कोल्हापुरी गुळाचा पाक गाळून घ्यावा, कारण तळाशी कचरा निघतो. मध घेणार असाल तर तीन भाग मधात एक भाग गरम पाणी मिसळून तो पातळ करावा, नाहीतर बर्फाला लागताच त्याचा गोळा होतो.

व्हिस्की सावर कसे करतात, आणि त्यात खरोखर कच्चे अंडे घालतात का?

सावर म्हणजे व्हिस्की, आंबट आणि गोड. बरणीत ६० मि.लि. व्हिस्की, २० मि.लि. कागदी लिंबाचा रस, २० मि.लि. साधा पाक आणि भरपूर बर्फ घालून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवावे. बरणी बाहेरून धुकट झाली की गाळून नव्या बर्फावर ओतावे. चाखून पाहावे आणि पुढच्या वेळी पाक पाच मि.लि. इकडेतिकडे करावा.

अंड्याचा पांढरा भाग ऐच्छिक आहे. तो चवीसाठी नसून वरच्या मऊ फेसासाठी असतो, आणि व्हिस्कीचा तिखटपणाही त्याने थोडा बोथट होतो. घालायचा असल्यास सर्व घटक आधी बर्फाशिवाय हलवावेत, म्हणजे फेस धरतो, आणि मग बर्फ घालून पुन्हा हलवावेत. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो आणि लिंबू वा व्हिस्कीमुळे तो धोका संपत नाही. उन्हाळ्यात दुकानाबाहेर तापलेल्या ट्रेमधली अंडी यासाठी वापरू नयेत. वृद्ध, गर्भवती आणि आजारी व्यक्तींचा तर येथे प्रश्नच येत नाही. शाकाहारी घरांसाठी काबुली चणे मीठ न घालता शिजवून उरलेले दाटसर पाणी २० मि.लि. घालावे. छोल्यांच्या दिवशी हे पाणी फुकट मिळते आणि त्याचा फेस अंड्याच्या तोडीचा होतो.

तयार सावरवर चमच्याच्या पाठीवरून १५ मि.लि. लाल वाइन हळूच सोडली की लाल थर तरंगत राहतो. याला न्यूयॉर्क सावर म्हणतात. नाशिकची कोरडी लाल वाइन त्यासाठी उत्तम, आणि उरलेल्या बाटलीचे काय करायचे हा प्रश्न आपोआप सुटतो.

कोकम आणि व्हिस्की यांचे जमते का?

जमते, आणि मला विचाराल तर उन्हाळी व्हिस्कीसाठी कोकणाने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. लिंबाचा आंबटपणा समोरून येतो, कोकमाचा मागून; त्याला एक तुरट, किंचित मातकट फळाची चव असते आणि ओक पिंपाच्या तुरटपणाशी ती थेट नाते सांगते.

येथे दोन पदार्थांत गल्लत होते. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, आणि सरबताचा अर्क म्हणजे साखर घातलेला, बहुधा जिरे असलेला. आगळ वापरत असाल तर ४५ मि.लि. व्हिस्की, १० मि.लि. आगळ आणि २० मि.लि. गुळाचा किंवा साखरेचा पाक बर्फाने भरलेल्या ग्लासात ढवळावा आणि वरून १०० मि.लि. गार सोडा घालावा. मीठ वेगळे घालू नये. आगळात ते भरपूर असते, आणि त्यामुळेच व्हिस्कीचा कडवटपणा दबतो. गोड अर्क असेल तर तो ३० मि.लि. घ्यावा, पाक वगळावा आणि लिंबाचे चार थेंब पिळावेत. भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमटीहून कमी, आणि तीही ताजी. जुनी पूड पेयाला मसालेभाताचा वास देते.

धुरकट स्कॉच यात घालू नये. कोकमाचा सुंदर रंग आणि राखेचा वास हे मिश्रण डोळ्यांना आणि नाकाला दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

सोलकढीत व्हिस्की घालण्याचा प्रयोग अनेक जण सुचवतात. मी तो केला आहे. लसूण, नारळाचे दूध आणि व्हिस्की यांपैकी कोणाचेच त्यात भले होत नाही. सोलकढी भातावरच शोभते.

पन्हे आणि आंबा यांचे काय?

धुरकट व्हिस्कीची जागा येथे आहे. कैरी उकडण्याऐवजी जाळीवर किंवा निखाऱ्यावर भाजून तिचा गर काढला, गूळ घालून दाट पन्हे केले, तर त्या धुराला पीटचा धूर साथ देतो. ४५ मि.लि. व्हिस्की, ४५ मि.लि. दाट पन्हे आणि ९० मि.लि. सोडा हे प्रमाण ठेवावे. वेलदोडा नेहमीच्या निम्मा घालावा आणि केशर वगळावे. केशराचा सुगंध या दोन धुरांत बुडून जातो आणि पैसे मात्र जातात.

पिकलेला हापूस अवघड आहे. त्याचा गोडवा आणि दाटपणा व्हिस्कीवर पांघरूण घालतो, आणि पेय शेवटी आमरसात व्हिस्की पडल्यासारखे लागते. मोह आवरत नसेल तर ३० मि.लि. रसाला २० मि.लि. लिंबू लावून बरणीत हलवावे आणि गाळून घ्यावे. किंचित आंबट असलेला पायरी या कामाला हापूसपेक्षा बरा. माझे मत विचाराल तर आंबा खावा.

मिंट ज्युलेप स्टीलच्या पेल्यात करता येतो का?

करता येतो, आणि तो काचेपेक्षा चांगला होतो. हे पेय अमेरिकेतील केंटकीचे. लुइव्हिल शहरात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीशी ते जोडलेले आहे आणि परंपरेने चांदीच्या किंवा कथलाच्या मिश्रधातूच्या (प्यूटरच्या) पेल्यात देतात. धातू उष्णता चटकन वाहून नेतो, त्यामुळे पेल्याच्या बाहेरच्या अंगावर दवाचा आणि मग हिमाचा पांढरा थर चढतो. आपला पाणी पिण्याचा स्टीलचा पेला हेच करतो. तांब्याचा पेला मात्र टाळावा. आंबट पदार्थांनी तांबे पेयात उतरते. ज्युलेपमध्ये लिंबू नसले तरी त्याच पेल्यात पुढे कोणीतरी सावर ओततेच.

पेल्यात पुदिन्याची आठ-दहा पाने आणि १५ मि.लि. पाक घालून बत्त्याने हळूच दाबावे. पुदिना चटणीसाठी कुटतात तसा कुटू नये. पाने फाटली की त्यातला हिरवा कडवटपणा बाहेर येतो. ६० मि.लि. बर्बन घालून पेला चुरलेल्या बर्फाने शिगोशीग भरावा. बर्फ चुरण्यासाठी तो स्वच्छ जाड पंच्यात गुंडाळून लाटण्याने ठोकावा. वर पुदिन्याचा तुरा तळहातांत एकदा चापटून खोचावा, म्हणजे प्रत्येक घोटाआधी नाकाला पुदिना भेटतो. पेल्याला बोटे चिकटतात इतका तो गार होतो, म्हणून काठाजवळ धरावा. हे पेय कडक आहे आणि सावकाश पिण्याचे आहे.

आल्याचे एखादे चांगले पेय सुचवाल का?

न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी या बारमधील सॅम रॉस यांनी २००५ मध्ये तयार केलेले पेनिसिलिन हे गेल्या काही दशकांतले सर्वांत यशस्वी व्हिस्की कॉकटेल म्हणता येईल. ६० मि.लि. मिश्र स्कॉच, २० मि.लि. लिंबू आणि २० मि.लि. आले-मधाचा पाक बरणीत हलवून बर्फावर गाळायचे आणि वर एक चमचा धुरकट आयला (या स्कॉटिश बेटावरची) व्हिस्की तरंगत ठेवायची. आले किसून, त्याचा रस पिळून मधाच्या पाकात घालावा. जून आले फार तिखट असते, त्यामुळे रस थोडा-थोडा घालून चाखावा. नाव औषधाचे असले तरी सर्दीवर ते घेऊ नये, आणि खऱ्या औषधांबरोबर तर मुळीच नाही.

शहाळ्याचे पाणी, उसाचा रस, ताक, थंड चहा : यांपैकी काय चालते?

शहाळ्याचे पाणी उत्तम चालते. त्रिनिदाद आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवर स्कॉच आणि नारळपाणी ही रोजची जोडी आहे. ४५ मि.लि. व्हिस्कीला १२० मि.लि. गार शहाळ्याचे पाणी, दुसरे काही नको. मलई खाऊन टाकावी.

उसाचा रस चालतो, पण अर्ध्या तासाच्या आत. तो काळा पडला की संपला. लिंबू आणि आले रसवंतीवाल्याकडूनच घालून घ्यावे, बर्फ मात्र घरचा वापरावा. थंड चहा उत्कृष्ट. दार्जिलिंगची पत्ती फ्रिजमध्ये गार पाण्यात रात्रभर ठेवून गाळलेला चहा कडवट होत नाही, आणि १०० मि.लि. चहाला ४५ मि.लि. व्हिस्की, लिंबू व मध लावला की संध्याकाळ निभते. ताक आणि व्हिस्की यांचा संबंध आणू नये.

परदेशी कृतींत ‘बिटर्स’ सांगितलेले असते. ते मिळाले नाही तर?

बिटर्स म्हणजे मद्यात उतरवलेला कडवट, मसालेदार अर्क. अँगोस्तुरा हे सर्वांत परिचित बिटर्स त्रिनिदादमध्ये बनते आणि त्याचे दोन-तीन थेंबच लागतात, त्यामुळे एक बाटली वर्षानुवर्षे पुरते. न मिळाल्यास ५० मि.लि. व्हिस्कीत दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, संत्र्याची वाळलेली साल आणि काडेचिराइताची अगदी लहान काडी घालून चार दिवस ठेवावे आणि गाळून घ्यावे. अँगोस्तुराचा कडवटपणा जेन्शन या वनस्पतीच्या मुळाचा, आणि आपले काडेचिराईत तिच्याच कुळातले आहे. आजीच्या तापाच्या काढ्याची आठवण झाल्यास ती योग्य आहे. थेंबांपुरतेच वापरावे.

दहा-बारा पाहुणे असतील तर प्रत्येकासाठी बरणी हलवत बसायचे का?

अजिबात नाही. ७५० मि.लि.च्या बाटलीत, जिला बोलीत खंबा म्हणतात, ४५ मि.लि.चे सोळा ग्लास होतात. कोकमाच्या पेयासाठी ७२० मि.लि. व्हिस्की, १६० मि.लि. आगळ आणि ३२० मि.लि. पाक दुपारीच एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवावे. पाहुणे आल्यावर प्रत्येक ग्लासात बर्फ, या मिश्रणाचे ७५ मि.लि. आणि वरून सोडा, एवढेच करावे लागते. सोडा कधीही आधी मिसळू नये. सोळा ग्लासांना निदान चार किलो बर्फ लागतो, आणि तो घरच्या दोन ट्रेमध्ये होत नाही. विकत आणताना तो खाण्याच्या दर्जाचा आहे ना हे विचारावे, मासळीसाठीचा नव्हे.

या पेयांत मद्य नेमके किती असते?

आपल्याकडील बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. त्या हिशेबाने ६० मि.लि. व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, ३० मि.लि.मध्ये १० ग्रॅम. ४५ मि.लि.चा हायबॉल तयार झाल्यावर ९-१० टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे स्ट्राँग बिअरपेक्षाही थोडा कडक. सावर तर बर्फाचे पाणी धरूनही २० टक्क्यांच्या जवळ जातो. चव सरबताची आणि ताकद व्हिस्कीची, हीच या पेयांची फसगत आहे. तहान लागली म्हणून ती घटाघटा पिऊ नयेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार १०० मि.लि. रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि ती मर्यादा ओलांडायला एक मोठा पेग पुष्कळांना पुरतो. पाहुण्यांच्या रिक्षेची सोय बर्फाच्या सोयीबरोबरच पाहावी.

घरी पिण्यासाठी परवाना लागतो का?

महाराष्ट्रात लागतो. राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घेणे, बाळगणे आणि पिणे यांसाठी परवाना आवश्यक आहे. तो एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीव असतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी या पानावरील कृती व्हिस्की वगळून कराव्यात. इतर राज्यांत आणि परदेशात राहणाऱ्यांनी तेथील नियम पाहावेत.

जे पीत नाहीत त्यांच्यासाठी काय करावे?

तेच पेय, त्याच ग्लासात, त्याच सजावटीसह, व्हिस्कीऐवजी गार कोरा चहा घालून. चहाचा तुरटपणा व्हिस्कीची रिकामी जागा बऱ्यापैकी भरून काढतो. कोकम आणि आले-मध ही दोन्ही पेये अशी फार छान लागतात. ‘घे रे, थोडीशीच’ असा आग्रह जेवणाच्या पंगतीत ठीक, येथे नको.

उघडलेली बाटली उन्हाळ्यात कशी ठेवावी?

उभी, अंधाऱ्या कपाटात, ओट्यापासून आणि खिडकीपासून दूर. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास कडक मद्याने बूच खराब होते. निम्म्याहून कमी उरलेल्या बाटलीत हवा जास्त असते आणि काही महिन्यांत चव उतरू लागते. अशी उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काढावी, किंवा कोकमाला लावावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बाटली ठेवू नये. पेटीतला सोडा तर मुळीच नाही.